प्लेगची लस आणि वाल्डेमार हाफकिन



पिंपरीत हाफकिन हे नाव घेतले की जुन्या रहिवाशांना आधी घोडे आठवतात. मुंबईच्या हाफकिन महामंडळाचे एक केंद्र आपल्या पिंपरीत आहे आणि तिथे घोड्यांचे काम चालत आले आहे. घोड्याला सापाचे विष अगदी थोडे थोडे टोचायचे, त्याच्या रक्तात त्या विषाचा उतारा तयार झाला की तो वेगळा काढून शुद्ध करायचा आणि कुपीत भरून खेड्यापाड्यांतल्या दवाखान्यांना पाठवायचा. चाकण, खेड, मावळच्या शेतात साप चावलेल्या कितीतरी माणसांचे प्राण अशा उताऱ्याने वाचले आहेत. पण हाफकिन हे मुळात एका माणसाचे नाव आहे, हे आपल्या तरुण मुलांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते. एकाने मला ती जर्मन कंपनी असल्याचे सांगितले. चाकणला इतक्या जर्मन कंपन्या आल्यावर त्याला तरी दोष कसा द्यायचा!

या माणसाची आठवण मला २०२२ च्या जानेवारीत प्रकर्षाने झाली. ओमिक्रॉनची लाट होती. देशातल्या पहिल्या काही ओमिक्रॉन रुग्णांमध्ये आपल्या पिंपरी-चिंचवडचेही रुग्ण होते, हे आपल्याला आठवत असेल. आमच्या सोसायटीत एक काका राहतात, कंपनीतून निवृत्त झालेले. लशीचे दोन्ही डोस घेऊनही त्यांना कोरोना झाला. तीन दिवस ताप, घसा, अंगदुखी, आणि बरे झाले. पण बरे झाल्याचा आनंद बाजूला राहिला आणि आपण फसवले गेलो असे त्यांच्या मनाने घेतले. दोन सुया टोचून रोग होणार असेल तर त्या टोचल्या कशाला, असा त्यांचा सवाल होता आणि त्याच्यावर घरोघरी वाद होत होते. तिसरा डोस त्यांनी घेतला नाही. काकू मात्र गुपचूप जाऊन घेऊन आल्या.

लशीने नेमके काय करावे अशी आपली अपेक्षा असते? रोग होऊच नये ही? झाला तर हलका जावा ही? की माणूस मरू नये एवढीच? हा वाद कोरोनाने सुरू केलेला नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबई-पुण्यात तो याच शब्दांत झाला होता आणि त्याच्या मधोमध वाल्डेमार हाफकिन उभे होते.

त्यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राच्या काठावरील ओडेसा शहरात झाला. आज हे शहर युक्रेनमध्ये आहे, तेव्हा ते रशियाच्या झारच्या राज्यात होते. घराणे ज्यू. शिक्षण ओडेसाच्या विद्यापीठात, प्राणिशास्त्रात, आणि गुरू एली मेचनिकॉफ, ज्यांना पुढे नोबेल पारितोषिक मिळाले. हाफकिन डॉक्टर नव्हते, प्राणिशास्त्रज्ञ होते. ही गोष्ट पुढे त्यांना आयुष्यभर नडली, कारण भारतातल्या लष्करी डॉक्टरांना हा बाहेरचा माणूस आपल्याला शिकवायला आला याचा राग येई.

१८८१ मध्ये ओडेसात ज्यूंविरुद्ध दंगली उसळल्या. तेव्हा वस्तीच्या रक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांत हाफकिन होते. त्यांना अटक झाली. मेचनिकॉफ यांनी त्यांच्या बाजूने साक्ष दिली म्हणून सुटका झाली. अभ्यासात हुशार असूनही विद्यापीठात प्राध्यापकाची जागा त्यांना मिळू शकत नव्हती. रशियन ऑर्थोडॉक्स पंथाची दीक्षा घेतली तर मिळेल, असे त्यांना सुचवण्यात आले. त्यांनी ते नाकारले. नोकरीसाठी स्नानसंस्कार घ्यायला नकार देणाऱ्या या माणसाविषयी आपल्यासारख्या ख्रिस्ती माणसाला आदरच वाटावा असे मला वाटते. नोकरीसाठी घेतलेल्या स्नानसंस्काराची किंमत ती काय? काही वर्षे ओडेसाच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात काम करून १८८८ मध्ये ते जिनिव्हाला गेले आणि पुढच्या वर्षी पॅरिसला, लुई पाश्चर यांच्या संस्थेत. तिथे जागा रिकामी होती ती ग्रंथालयात. ती त्यांनी घेतली. दिवसा पुस्तके सांभाळायची आणि उरलेल्या वेळात प्रयोग करायचे, असा क्रम सुरू झाला. विरंगुळा म्हणजे व्हायोलिन.

त्या काळी युरोपला कॉलऱ्याची दहशत होती. हाफकिन यांनी कॉलऱ्याच्या जंतूंपासून लस तयार केली. जनावरांवर ती लागू पडली, पण माणसावर कोण प्रयोग करू देणार? १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली. ताप आला, बाजू दुखली, मग सर्व ठीक झाले. युरोपातल्या बड्या शास्त्रज्ञांचा तरीही विश्वास बसेना. लशीची खरी परीक्षा जिथे दरवर्षी कॉलरा येतो तिथेच होईल, हे उघड होते. १८९३ च्या मार्चमध्ये ते कलकत्त्याला उतरले.

कलकत्त्याच्या एका झोपडवस्तीत लोकांनी त्यांच्यावर दगड फेकले, असे सांगतात. त्यांनी आपल्याच अंगात सर्वांसमक्ष सुई टोचून घेतली आणि मग लोक पुढे आले. त्यांच्याबरोबर चौधरी, घोष, चॅटर्जी आणि दत्त असे चार बंगाली डॉक्टर होते. वस्तीतल्या लोकांशी त्यांच्या भाषेत बोलणारे तेच होते, त्यामुळे हे श्रेय त्यांनाही द्यायला हवे. सव्वादोन-अडीच वर्षांत सुमारे ४२ हजार लोकांना हाफकिन यांनी लस दिली. मलेरियाने त्यांना पुरते खिळखिळे केले तेव्हा कुठे ते १८९५ मध्ये परत गेले, आणि जरा बरे वाटताच १८९६ मध्ये पुन्हा आले.

या कॉलऱ्याच्या आकड्यांतून त्यांना एक गोष्ट दिसली आणि तीच आपल्या विषयाच्या गाभ्याशी आहे. लस घेतलेल्यांना कॉलरा फार कमी होत होता. पण लस घेऊनही ज्याला तो झाला, तो न घेतलेल्याइतकाच मृत्यूच्या दारात होता. म्हणजे लस दरवाजा लावत होती. पण चोर आत शिरलाच तर त्याच्याशी लढायला घरात कोणी नव्हते. दुसऱ्या एखाद्याने मिळालेल्या यशावर समाधान मानले असते. हाफकिन यांनी हे उणे लपवले नाही आणि पुढची लस करताना तेच डोक्यात ठेवले.

पुढची लस प्लेगची. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकाशियो गाब्रिएल व्हिएगस यांनी एका रुग्णाला तपासले आणि हा गाठीचा प्लेग आहे असे निदान केले. व्हिएगस हे गोव्यातल्या हडफडे गावचे, आपल्याच कॅथलिक समाजातले. शहराचा व्यापार बुडेल म्हणून अनेकांना हे निदान नको होते. ते मागे हटले नाहीत. पुढे १९०६ मध्ये ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. धोबीतलावाजवळ त्यांचा पुतळा आहे. मेट्रो सिनेमाकडून जाताना जरूर पाहावा. त्या वर्षांत मुंबईतून लाखो माणसे पळाली. वांद्र्यात आणि मुंबईच्या इतर जुन्या कॅथलिक वस्त्यांत रस्त्याच्या कडेला जे क्रूस दिसतात त्यांतले कितीतरी त्याच प्लेगच्या वर्षांत, संकट टळावे म्हणून उभारलेले आहेत.

सरकारने हाफकिन यांना बोलावले. ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना प्रयोगशाळा म्हणून एक खोली आणि व्हरांडा मिळाला, आणि मदतीला एक कारकून व तीन शिपाई. त्यांनी बकऱ्याच्या मांसाचा रस्सा केला. गाईचे आणि डुकराचे मांस मुद्दाम टाळले, कारण लोकांच्या मनात काय येईल हे कलकत्त्यात ते शिकले होते. रश्शावर तुपाचे थेंब सोडले. प्लेगचे जंतू तुपाच्या थेंबाला धरून खाली लोंबत वाढतात, गुहेच्या छतावरून चुन्याच्या काड्या लोंबतात तसे. भांडे हलवले की ते तळाशी पडतात आणि वर नवे वाढू लागतात. असे काही आठवडे केल्यावर सगळा रस्सा तापवून जंतू मारायचे आणि वर थोडे कार्बोलिक ॲसिड घालायचे. तुपाचा असा उपयोग आपल्या आजीबाईंनी ऐकला असता तर त्यांचा विश्वास बसला नसता.

यातली खरी युक्ती अशी की त्यांनी फक्त मेलेले जंतू घेतले नाहीत, तर जंतूंनी रश्शात सोडलेले विषही लशीत राहू दिले. मेलेल्या जंतूंमुळे रोगाची लागण कमी व्हावी, आणि विषाची ओळख झाल्यामुळे लागण झालीच तरी माणूस मरू नये, असा त्यांचा विचार होता. कॉलऱ्याच्या लशीत जे साधले नव्हते ते इथे साधायचे होते. म्हणजे लशीने काय करावे याची दोन वेगळी कामे त्यांनी स्वतःच आखून घेतली होती.

१० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी नेहमीच्या मात्रेपेक्षा कितीतरी जास्त लस स्वतःला टोचून घेतली. चांगलाच ताप भरला. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. कैद्यांना विचारण्यात आले आणि ३० जानेवारीला जवळजवळ निम्म्या कैद्यांनी स्वखुशीने लस घेतली. पुढच्या दिवसांत लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला आणि ६ मेले. घेतलेल्यांपैकी दोघांना झाला, मेला कोणी नाही. यावरही आक्षेप आलेच, आणि ते अगदी गैरलागू नव्हते. टोचणीच्या दिवशीच ज्यांच्या अंगात रोग होता त्यांना कोणत्या बाजूला मोजायचे, हा प्रश्न होता.

इकडे पुण्यात काय चालले होते ते आपण चिंचवडकरांना वेगळे सांगायला नको. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा आला. वॉल्टर रँड याच्या हाताखाली प्लेग समिती बसली आणि गोरे सोल्जर घरोघरी शिरू लागले. आजारी माणसाला उचलून इस्पितळात, त्याच्या घरच्यांना छावणीत, सामान रस्त्यावर. देवघरात बूट, बायकांची तपासणी चारचौघांत. याच मार्चमध्ये सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना गेल्या. २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चिंचवडच्या चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. लेफ्टनंट आयर्स्ट जागीच मेला, रँड ३ जुलैला. दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव हे तिघे भाऊ फासावर गेले. चापेकर चौकातून आपण रोज जातो.

दुर्दैव हे की एवढे सगळे करून प्लेग थांबत नव्हता, कारण सोल्जर माणसांना शोधत होते आणि रोग उंदरांवरच्या पिसवांतून येत होता. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ मध्ये कराचीत हे दाखवले, पण सर्वांना पटायला आणखी काही वर्षे गेली. आणि ज्या सरकारने घरात सोल्जर घातले, तेच सरकार आता दंड पुढे करा म्हणत होते! हाफकिन यांची टोचणी सक्तीची नव्हती. सक्ती नको, असेच त्यांचे मत होते. पण लोकांना हा फरक कोण समजावणार? सुई हातभर लांब असते, टोचली की माणूस जागीच मरतो, पुरुषत्व जाते, अशा अफवा मुंबई-पुण्यात पसरल्या. मी या लोकांना अडाणी म्हणणार नाही. ज्याच्या घरी मार्चमध्ये सोल्जर येऊन गेला, त्याने जूनमध्ये सरकारी डॉक्टरवर विश्वास का ठेवावा?

तरीही लोकांनी लस घेतली, आणि आपल्या अगदी शेजारी. १८९७ मध्येच खडकीच्या लष्करी वस्तीत आणि लोणावळ्यात टोचणी झाली. पुणे-लोणावळा लोकलने रोज ये-जा करणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की आपल्या दोन्ही बाजूंच्या स्टेशनांवर हा इतिहास घडला. खडकीत ६७१ जणांनी लस घेतली, ८५९ जणांनी घेतली नाही. न घेतलेल्यांपैकी १४३ जणांना प्लेग झाला, त्यांतले ९८ मेले. घेतलेल्यांपैकी ३२ जणांना झाला आणि १७ मेले.

हे आकडे मी मुद्दाम पूर्ण दिले आहेत. आमच्या सोसायटीतल्या काकांनी ते पाहिले असते तर शेवटच्या १७ वर बोट ठेवले असते. लस घेऊन १७ माणसे मेली! आणि ते खरेच आहे. त्या १७ घरांना पुढची टक्केवारी सांगून काय उपयोग झाला असता? पण हिशेब करायचा तर दोन्ही बाजू मांडाव्या लागतात. न घेतलेल्यांत दर शंभरांमागे १६-१७ जणांना रोग झाला, घेतलेल्यांत पाचांना. रोग झालेल्यांपैकी न घेतलेल्यांत तीनांतले दोन गेले, घेतलेल्यांत जवळजवळ निम्मे. म्हणजे लशीने दोन्ही कामे केली, पण कुठलेच पुरते केले नाही.

त्याच वर्षी पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या दमणमध्ये आणखी मोठा अनुभव आला. तिथे लस न घेतलेल्या ६,०३३ लोकांपैकी १,४८२ मेले, घेतलेल्या २,१९७ पैकी ३६. आता यावर कोणी विचारील की लस घेणारे मुळातच सुखवस्तू, मोकळ्या घरात राहणारे असतील तर? हाच आक्षेप तेव्हाही होता. म्हणून फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोद्याजवळच्या उंधेरा गावात हाफकिन यांनी वेगळाच बेत केला. गावातल्या प्रत्येक घरातल्या साधारण निम्म्या माणसांना टोचायचे आणि निम्म्यांना नाही. घर तेच, चूल तीच, उंदीर तेच. प्लेग येऊन गेल्यावर मोजणी झाली. न टोचलेल्यांत २७ जणांना प्लेग झाला, त्यांतले २६ मेले. टोचलेल्यांत ८ जणांना झाला, ३ मेले. आज औषध कंपन्या हजारो लोकांवर ज्या चाचण्या करतात त्यांचे बीज या खेड्यात दिसते. आजच्या नियमांत असा प्रयोग बसला असता का, हा प्रश्न मात्र माझ्या मनात राहतो. न टोचलेल्या अर्ध्यांना कोणी विचारले असेल का?

मुंबईत तरुण आगाखान त्यांच्या मदतीला आले. त्यांनी आपल्या खोजा समाजासमोर स्वतः लस टोचून घेतली, एकदा नव्हे तर अनेकदा, आणि प्रयोगशाळेसाठी आपला बंगला दिला. हुबळी-धारवाडकडे १८९८ मध्ये हजारोंनी लस घेतली. १० ऑगस्ट १८९९ रोजी प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात गेली. ही वास्तू मुळात पोर्तुगीज काळातले कॅथलिक चर्च आणि मठ होती.

सरकारने दरम्यान एक प्लेग आयोग नेमला होता. त्याने सगळे आकडे चाळले. निष्कर्ष असा की लशीने लागण बरीच कमी होते पण पूर्ण थांबत नाही. मृत्यूही कमी होतात. टोचल्यावर पहिले काही दिवस संरक्षण मिळत नाही. आणि मिळालेले संरक्षण काही आठवडे, कदाचित काही महिने टिकते. लस तयार करण्याच्या पद्धतीवर, प्रत्येक कुपीत सारखीच ताकद नसण्यावर आयोगाने टीका केली. हाफकिन यांना ती झोंबली. आज वाचताना मला आयोगाचे बहुतेक म्हणणे रास्त वाटते. पण बाजारात, गावात असा लांबलचक निष्कर्ष कोण सांगणार? तिथे लस लागू पडते किंवा पडत नाही, एवढेच चालते.

आणि मग मलकोवाल.

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातले मलकोवाल गाव, आता ते पाकिस्तानात आहे. पंजाबात त्या हंगामात लाखोंना लस देण्याचा बेत होता. त्या दिवशी गावात १०७ जणांना टोचण्यात आले. त्यांतल्या १९ जणांना एकाच बाटलीतली लस मिळाली. काही दिवसांत त्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि सगळेच्या सगळे मेले. बाकीच्या ८८ जणांना काही झाले नाही.

बाटली परळहून आलेली होती. चौकशी समितीने असा ठपका ठेवला की बाटली भरतानाच दूषित झाली असावी, म्हणजे दोष हाफकिन यांच्या प्रयोगशाळेचा. लशीची मागणी वाढल्यावर त्यांनी तयार करण्याची पद्धत बदलून कार्बोलिक ॲसिड गाळले होते आणि नुसत्या उष्णतेवर भर दिला होता, तेही त्यांच्याविरुद्ध गेले. त्यांना कामावरून दूर करण्यात आले. ते इंग्लंडला गेले आणि आपले नाव साफ करण्यासाठी खेटे घालू लागले. ज्या माणसाला काही वर्षांपूर्वी राणीच्या सरकारने किताब दिला होता, त्याची आता कोणी विचारपूस करीना.

कागदपत्रांत एक गोष्ट पडून होती. मलकोवालला बाटली उघडताना तिथल्या मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. त्याने तो जंतुनाशकात नुसता बुडवून काढला आणि त्यानेच बुचाला हात घातला. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे आपल्यातल्या प्रत्येक कारखाना कामगाराला माहीत आहे. गंजका पत्रा लागला की आपण इंजेक्शन घ्यायला धावतो ते त्यासाठीच. शिवाय बाटली मुंबईत भरल्याला ४१ दिवस झाले होते. तेवढे दिवस ते जंतू आत वाढत असते तर उघडताच घाण वास यायला हवा होता. तो आला नव्हता. मलेरियाचा डास शोधणारे रोनाल्ड रॉस आणि डब्ल्यू. जे. सिम्पसन यांनी हे प्रकरण लावून धरले. जुलै १९०७ मध्ये दहा शास्त्रज्ञांनी सह्या करून लंडनच्या टाइम्समध्ये हाफकिन निर्दोष असल्याचे जाहीर केले. त्याच वर्षाच्या अखेरीस सरकारने त्यांना परत घेतले.

पाच वर्षे गेली होती. त्या पाच वर्षांत पंजाबात लशीवरचा लोकांचा विश्वास ढासळला, आणि नेमकी तीच वर्षे पंजाबात प्लेगची सर्वांत भयंकर ठरली. एका चिमट्याने १९ माणसे मारली हे खरे. लस नाकारल्यामुळे किती मेली त्यांची चौकशी कोणत्याच समितीने केली नाही. मात्र १९ जणांच्या घरच्यांनी लशीकडे पुन्हा पाहू नये यात मला नवल वाटत नाही. त्यांनी लशीकडून एवढीच अपेक्षा केली होती की तिने तरी मारू नये.

परत आल्यावर हाफकिन यांना परळ मिळाले नाही. त्यांची जागा भरली गेली होती. कलकत्त्यात त्यांना एक साधी प्रयोगशाळा मिळाली, आणि माणसांवर लशीच्या चाचण्या घेण्याची मुभा नाही अशी अट होती. ज्याचे सारे आयुष्य त्यातच गेले त्याला ही अट! काही वर्षे त्यांनी असेच काम केले आणि पंचावन्नाव्या वर्षाच्या सुमारास निवृत्त होऊन फ्रान्सला गेले. लग्न त्यांनी केले नव्हते. उत्तरायुष्यात ते आपल्या धर्माकडे अधिक वळले. पूर्व युरोपातल्या ज्यू धार्मिक पाठशाळांसाठी त्यांनी आपली संपत्ती ठेवली.

परळच्या प्रयोगशाळेने मात्र लस बनवणे थांबवले नाही. १८९७ ते १९२५ या काळात तिथून प्लेगच्या लशीचे सुमारे २ कोटी ६० लाख डोस बाहेर पडले. १९२५ मध्ये तिला हाफकिन यांचे नाव देण्यात आले. पुढे साहिबसिंग सोखी या पहिल्या भारतीय संचालकांच्या काळात लशीत सुधारणा झाल्या. पण प्लेगचा खरा धाक गेला तो प्रतिजैविकांमुळे, विशेषतः स्ट्रेप्टोमायसिनमुळे, आणि इथे कथा पुन्हा आपल्या दारात येते. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये, जिथे आपल्या धर्मग्रामातल्या कित्येकांच्या वडिलांनी नोकरी केली, १९५५ पासून पेनिसिलिन आणि नंतर स्ट्रेप्टोमायसिन तयार होऊ लागले. ते औषध अमेरिकेत ज्यांच्या प्रयोगशाळेत सापडले ते सेलमन वॅक्समन हेही ज्यू, युक्रेनचे, आणि ओडेसात मॅट्रिकची परीक्षा दिलेले. आज प्लेगची जुनी लस सर्वसामान्यांना दिली जात नाही. गाठीच्या प्लेगवर ती काही प्रमाणात चाले, फुफ्फुसाच्या प्लेगवर तिचा भरवसा नव्हता, आणि संरक्षण थोडेच दिवस टिके. आयोगाने १९०० च्या आसपास जे म्हटले होते ते बहुतांशी तसेच राहिले.

कोरोनाच्या लशीचेही काहीसे असेच झाले. लागण रोखण्याची तिची ताकद काही महिन्यांत उतरली आणि ओमिक्रॉनपुढे तर फारच. पण इस्पितळात जाण्यापासून आणि मृत्यूपासून तिने मोठे संरक्षण दिले. काकांना मी हे एकदा सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले काही नाहीत. मग विचारले की हे आधी का नाही कुणी सांगितले. त्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. टीव्हीवर, बॅनरवर, मोबाइलच्या रिंगटोनवर लस घ्या एवढेच सांगितले जात होते.

हाफकिन १९२८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझान गावी राहायला गेले आणि २६ ऑक्टोबर १९३० रोजी तिथेच वारले. वय ७० होते. १९६४ मध्ये भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. हाफकिन महामंडळ १९७५ पासून संस्थेपासून वेगळे काम करू लागले, आणि आपल्या पिंपरीच्या घोड्यांच्या रक्तातून सापाच्या विषाबरोबर धनुर्वातावरचाही उतारा तयार होत आला आहे.